चार्ली चॅप्लिन : पोटमाळ्यावरचे दिवस

श्रोतेहो, जत्रेच्या माळावर तंबू ठोकून सिनेमा दाखवीत, तो काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना एक माणूस नक्की आठवत असेल. डोक्यावर लहानशी गोल टोपी, नाकाखाली बोटभर मिशी, अंगात तोकडा कोट, खाली मात्र ढगळ विजार, पायांत दुसऱ्या कुणाचे तरी वाटावेत असले बूट आणि हातात बारीकशी लवलवती छडी. बोलायचा काहीच नाही. आम्ही पोरे पडद्यापुढच्या मातीत बसून पोट दुखेपर्यंत हसत असू. आमच्यापैकी एकालाही इंग्रजी येत नव्हते, आणि त्यावाचून काही अडतही नव्हते. माझ्या शेजारी बसलेला एक म्हातारा मात्र हसता हसता धोतराच्या सोग्याने डोळे पुसू लागला आणि म्हणाला, "बिचाऱ्याला कुनी न्हाई वाटतं."

मला तेव्हा ते बोलणे विचित्र वाटले. पुढे पुष्कळ वर्षांनी चार्ली चॅप्लिनचे आत्मचरित्र हाती आले. ते १९६४ साली प्रसिद्ध झाले, त्या वेळी चॅप्लिन पंचाहत्तर वर्षांचा होता. त्यातली बालपणाची प्रकरणे वाचली आणि तो म्हातारा आठवला. त्याने पडद्यावर जे पाहिले होते तेच या पुस्तकात लिहिलेले होते. चॅप्लिनच्या सिनेमांविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज तुम्हांला सांगणार आहे ते तो सिनेमात येण्याआधीचे.

चार्लीचा जन्म १६ एप्रिल १८८९ चा, लंडनचा. थेम्स नदीच्या दक्षिणेला लँबेथ आणि केनिंग्टन या भागात त्याचे बालपण गेले. आईबाप दोघेही म्युझिक हॉलमध्ये गाणारे. म्युझिक हॉल म्हणजे काय, तर आपल्या तमाशात जशी गाणी, बतावणी, नकला, नाच असे सगळे एका रात्रीत होते, तसलीच काहीशी करमणूक, फक्त बांधलेल्या थिएटरात. तिथे दारूचे दुकान थिएटरातच असायचे, आणि आपले काम झाले की नटाने गिऱ्हाइकांबरोबर बसून प्यावे अशी मालकाची अपेक्षा असायची. बाप चांगला नावाजलेला गायक होता. त्याच्या गाण्यांची छापील पुस्तके त्याच्या तसबिरीसह विकली जात. पण दारूने त्याचे वाटोळे केले. चार्ली अगदी लहान असतानाच तो घर सोडून वेगळा राहू लागला, आणि १९०१ साली, चाळिशीही न गाठता, गेला. पुरायलाही पैसा नव्हता. बापाविषयी यापेक्षा अधिक सांगण्यासारखे फारसे नाही.

सांगण्यासारखे आहे ते आईचे. तिचे नाव हॅना. तिला दोन मुलगे, थोरला सिडनी आणि त्याच्याहून चार वर्षांनी लहान चार्ली. बाप गेल्यावर ती एकटीच गाऊन घर चालवू लागली, तोच तिचा गळा दगा देऊ लागला. गाता गाता आवाज मध्येच फाटायचा. ऑल्डरशॉट नावाची एक लष्करी छावणी होती. तिथल्या थिएटरात एका रात्री असाच आवाज बसला. समोर सगळे सोल्जर. त्यांनी आरडाओरडा सुरू केला, मांजरांचे आवाज काढले, आणि बिचारी आत निघून आली. चार्ली पाच वर्षांचा होता आणि पडद्याआड उभा होता. मॅनेजरला काय वाटले कोण जाणे, त्याने त्या पोराला हाताला धरून रंगमंचावर नेऊन उभे केले.

पोराने त्या वेळचे एक लोकप्रिय गाणे म्हणायला सुरुवात केली. अर्ध्यावर आले तोच पैशांचा पाऊस पडू लागला. पोराने गाणे थांबवले आणि जाहीर केले की, आधी पैसे वेचतो, मग गाणे म्हणतो. लोक हसले. मॅनेजर रुमाल घेऊन मदतीला आला. पोराला वाटले, हा आपले पैसे लांबवतो की काय, म्हणून तो त्याच्या मागोमाग विंगेत गेला, आणि पैसे आईच्या हाती पडले तेव्हाच परत आला. लोक आणखी हसले. मग तो आईचे गाणे म्हणू लागला, आणि म्हणता म्हणता आईचा आवाज जसा फाटायचा तसाच त्याने फाडून दाखवला! ते थिएटर हसण्याने कोसळायचे बाकी राहिले.

श्रोतेहो, यात त्या मुलाचा खोडसाळपणा नव्हता. त्याला आईचे गाणे जसे माहीत होते तसे त्याने म्हटले. परंतु आत उभी राहून ती माउली ते ऐकत होती. तिने पुढे येऊन त्याला हाताला धरून आत नेले तेव्हा टाळ्या पडल्या. मुलाची रंगमंचावरची ती पहिली रात्र, आणि आईची जवळजवळ शेवटची.

त्यानंतर घराची उतरंड सुरू झाली. तीन खोल्यांतून दोन, दोनांतून एक. नटीचे कपडे एकेक करून विकले गेले. हप्त्याने घेतलेल्या शिवणयंत्रावर आई ब्लाउज शिवू लागली. एका ब्लाउजमागे दीड पेनी मजुरी. तिने जास्तीत जास्त शिवले ते आठवड्याला चौपन्न, त्याचे झाले सहा शिलिंग नऊ पेनी. बारा पेनींचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड, असा तेव्हाचा हिशेब. हे सहा शिलिंग नऊ पेनी जरा ध्यानात ठेवा, पुढे आपल्याला लागणार आहेत. रात्री दिव्याच्या उजेडात मान मोडून बसल्याने तिचे डोके दुखू लागायचे, मग काम बंद, आणि काम बंद की हप्ता बंद.

१८९६ साली, चार्ली सात वर्षांचा असताना, तिघांनाही वर्कहाऊसमध्ये जावे लागले. ज्याचे कुठेच काही उरले नाही त्याने जायची ही सरकारी जागा. तिथे जेवायला मिळे, पण नियम असा की बायका वेगळ्या, मुले वेगळी. दारापर्यंत तिघे बरोबर गेले आणि तिथे ताटातूट झाली. भेटीच्या दिवशी आई वर्कहाऊसच्या कपड्यांत समोर आली तेव्हा मुलांना ओळखू येईना. आठवड्याभरात ती म्हातारी दिसू लागली होती. तिने पदरच्या पैशांतून नारळाची वडी आणली होती. एका नर्ससाठी तिने लेसचे विणकाम केले होते, त्याचे ते पैसे.

त्यानंतर मुलांना घोड्याच्या गाडीत घालून लंडनबाहेर हॅनवेल इथल्या शाळेत पाठवले. अनाथ आणि निर्धन मुलांची ती शाळा. दोन महिने गेले आणि एके दिवशी अचानक दोघांना पुन्हा लंडनला आणून वर्कहाऊसच्या दारात उभे केले. आई आपल्या घरच्या कपड्यांत तिथे उभी! तिने अर्ज केला होता की, मी आता बाहेर पडते, माझी मुले मला द्या. तिघांचे कपडे सरकारी कोठीत गोळा होऊन पडलेले, इस्त्री नाही, सगळ्या सुरकुत्या. खिशात पैसा नाही आणि जायला घर नाही. तिघे केनिंग्टनच्या बागेत गेली. सिडनीजवळ कुठे तरी जपून ठेवलेले नऊ पेनी होते. त्यांतून अर्धा पौंड काळ्या चेरी घेतल्या आणि बाकावर बसून खाल्ल्या. चेरी म्हणजे आपल्या करवंदाएवढे फळ. मग सिडनीने वर्तमानपत्राचा कागद चुरगाळून त्याला दोरा गुंडाळला आणि चेंडू केला. तिघे चेंडू खेळली. दुपारी एका दुकानात जाऊन उरलेल्या पैशांचा चहा आणि थोडे खाणे झाले. मग पुन्हा बाग. आणि ऊन कलल्यावर आई म्हणाली की, आता निघू या, म्हणजे वर्कहाऊसच्या चहाच्या वेळेला पोचू.

होय, ती परत गेली! बाहेर पडायचे नव्हतेच तिला. मुलांबरोबर एक दिवस काढायचा होता, आणि नियमाप्रमाणे दुसरा मार्ग नव्हता. पुन्हा सगळे कागद नव्याने करावे लागले, कपडे पुन्हा वाफवावे लागले, म्हणून तिथले लोक फार चिडले. मला स्वतःला या सबंध चरित्रात हा दिवस सर्वांत मोठा वाटतो. कायद्याला न मोडता त्याला कसे फसवावे आणि तेही कुणाचे काही न घेता, हे पडद्यावरच्या त्या छडीवाल्याला पुढे जे जमले, ते त्याने कुठे पाहिले होते हे उघड आहे.

हॅनवेलला चार्ली सुमारे दीड वर्ष होता. सिडनीला मध्येच एका शिक्षणाच्या जहाजावर पाठवले, म्हणजे धाकटा अगदी एकटा. गजकर्ण झाले म्हणून डोके भादरून त्यावर आयोडीन फासलेले. एकदा न केलेल्या गुन्ह्याबद्दल छडीचे फटके बसले. गुन्हा कबूल की नाकबूल असे विचारले तेव्हा भेदरून तो "कबूल" म्हणून गेला. पण याच शाळेची एक गोड आठवणही त्याने लिहिली आहे. तिथे तो आपले नाव लिहायला शिकला. कागदावर 'चॅप्लिन' ही अक्षरे उमटलेली पाहून त्याला वाटले की, ही अक्षरे आपल्यासारखीच दिसतात! गुरुजींनी आपल्या पहिलीच्या वर्गातले एखादे पोर पाटीवर स्वतःचे नाव पहिल्यांदा लिहिते तेव्हाचा त्याचा चेहरा आठवावा.

पुढे आई बाहेर आली आणि तिघांचे बिऱ्हाड पुन्हा मांडले गेले. गल्लीच्या टोकाला लोणच्याचा कारखाना आणि त्याच्याजवळ खाटीकखाना, असली जागा. रोज मेंढ्या दारावरून जात. एकदा त्यांतली एक मेंढी सुटली. माणसे तिला धरायला धावली, कुणी घसरून पडले, कुणी दुसऱ्यावर आदळले, मेंढी उड्या मारीत इकडून तिकडे. सगळी गल्ली हसत होती, चार्लीही टाळ्या पिटून हसत होता. शेवटी मेंढी सापडली आणि तिला खाटीकखान्याकडे नेऊ लागले, तेव्हा त्याच्या एकदम ध्यानात आले की, हिला आता मारणार. तो रडत घरी पळाला आणि आईला ते सांगू लागला. ते हसणे आणि ते रडणे कित्येक दिवस त्याच्या मनातून गेले नाही. आपल्या चित्रपटांचे बीज कदाचित याच प्रसंगात पडले असेल, असे त्याने स्वतः म्हटले आहे.

अशा घरात आई मुलांना काय देणार? तिच्याजवळ एकच गोष्ट होती, ती दिली. ती खिडकीशी बसायची आणि रस्त्यावरून जाणारी माणसे मुलांना दाखवायची. हा बघा, पाय ओढीत चाललाय, बुटांना पॉलिश नाही, म्हणजे स्वारी बायकोशी भांडून निघालीय आणि न्याहारीही झालेली नाही. पाहा, आता पावाच्या दुकानात शिरेल! आणि तो खरोखर शिरायचा. मग ती त्याची चाल, त्याचे तोंड, त्याचे हात करून दाखवायची. तिच्याइतकी नक्कल करणारे माणूस आपण दुसरे पाहिले नाही, असे चॅप्लिन मोठेपणी सांगत असे. त्याच वस्तीत दारूच्या दुकानाबाहेर गिऱ्हाइकांचे घोडे धरून उभा राहणारा एक म्हातारा होता. पाय सुजलेले, विजार ढगळ, बूट भले मोठे. चार्लीने त्याची चाल उचलली आणि घरी करून दाखवली. तीच चाल पुढे जगाने पाहिली.

आता शाळेची गोष्ट. शिक्षक श्रोत्यांसाठी ती मुद्दाम राखून ठेवली आहे. चार्ली शाळेत कच्चा होता. इतिहास म्हणजे मारामाऱ्यांची जंत्री, भूगोल म्हणजे नकाशे, गणित म्हणजे दुकानाची वही. त्यांत त्याचे मन रमेना. एकदा आईने एका दुकानाच्या काचेत लावलेली एक विनोदी कविता पाहिली. विषय मांजराचा. तिला ती आवडली म्हणून तिने उतरवून घरी आणली. चार्लीने ती पाठ केली आणि मधल्या सुट्टीत एका मुलाला साभिनय म्हणून दाखवू लागला. गुरुजी जवळच काही काम करीत होते. त्यांनी मान वर करून ऐकले. सुट्टी संपल्यावर त्यांनी सबंध वर्गापुढे त्याला ती म्हणायला लावली. वर्ग हसून लोटपोट! दुसऱ्या दिवशी त्याला शाळेतल्या प्रत्येक वर्गात, मुलांच्या आणि मुलींच्याही, नेऊन ती कविता म्हणवून घेतली.

ज्या पोराला कुणी विचारीत नव्हते, त्याला दुसऱ्या दिवसापासून सगळी शाळा ओळखू लागली. आणि गंमत अशी की, त्यानंतर त्याचा अभ्यासही सुधारला, हे त्याने स्वतः लिहिले आहे. दुर्दैवाने ते फार दिवस टिकले नाही. लाकडी तळव्यांचे बूट घालून नाचणाऱ्या मुलांची एक मंडळी होती, 'एट लँकशायर लॅड्स' नावाची. बापाच्या ओळखीने चार्ली त्यांत गेला. खाणेपिणे, राहणे आणि आईला आठवड्याला अडीच शिलिंग. गावोगाव फिरती, प्रत्येक गावच्या शाळेत आठवडाभर नाव, की पुढचे गाव. आपल्याकडे ऊसतोडीच्या हंगामात मुलांची शाळा जशी तुटते तशीच त्याची तुटली, ती कायमची. नाच सुटल्यावर वर्तमानपत्रे विक, न्हाव्याच्या दुकानात साबण लाव, छापखान्यात कागद घाल, असे काय वाटेल ते त्याने केले.

१९०३ चा मे महिना. चार्ली चौदा वर्षांचा. सिडनी जहाजावर नोकरीला गेलेला, त्याचे पत्र नाही. आई आणि चार्ली एका पडक्या घराच्या पोटमाळ्यावरच्या खोलीत राहत होती. छत इतके उतरते की सरळ उभे राहता येऊ नये. हप्ता थकला म्हणून शिवणयंत्र उचलून नेलेले. आई नुसती खिडकीशी बसून राही. आता ती रस्त्यावरचे कुणी दाखवीत नसे. एके दिवशी घरात काहीच नव्हते, तेव्हा तिने चार्लीला बळेच ओळखीच्या घरी जेवायला पाठवले. दुसऱ्या एका दिवशी तो घरी आला तर दारात पोरे गोळा झालेली. त्यांनी सांगितले, तुझी आई वेडी झाली, घरोघर जाऊन पोरांना वाढदिवसाची भेट म्हणून कोळशाचे तुकडे वाटत होती.

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. दवाखाना मैलभर दूर. गाडीला पैसे नाहीत. ते पोर आईला धरून चालत निघाले. अशक्तपणाने तिचा तोल जात होता, आणि रस्त्यातली माणसे, ही बाई प्यायली आहे, अशा नजरेने बघत होती. पोटाला न मिळाल्याने तिच्या मेंदूवर परिणाम झाला, असे डॉक्टर म्हणाले. पुढे दोघे भाऊ तिला भेटायला वेड्यांच्या इस्पितळात गेले, तेव्हा ती चार्लीला एवढेच म्हणाली की, त्या दुपारी मला कपभर चहा जरी दिला असतास तरी मला काही झाले नसते. हे वाक्य त्याला जन्मभर छळीत राहिले. चौदा वर्षांच्या मुलाचा त्यात काय दोष? पण दोष नसला म्हणजे दुखत नाही असे थोडेच आहे.

सिडनी परत येईपर्यंत चार्ली पोटमाळ्यावर एकटा होता. आपल्यालाही सरकारी लोक धरून नेतील म्हणून घरमालकिणीला चुकवून यायचा-जायचा, लाकडे फोडणाऱ्यांच्या हाताखाली काम करायचा. सिडनी आला, त्याने आणलेल्या थोड्या शिलकीवर दोघे सावरले, आणि चार्ली नाटक कंपन्यांच्या एजंटकडे नाव घालून आला. एक दिवस बोलावणे आले. एका नव्या नाटकात वर्तमानपत्र विकणाऱ्या पोऱ्याचे काम, आणि त्यानंतर 'शेरलॉक होम्स'च्या दौऱ्यात बिली नावाच्या पोऱ्याचे. पगार आठवड्याला अडीच पौंड. आईचे ते सहा शिलिंग नऊ पेनी आठवा. तिच्या सर्वांत चांगल्या आठवड्याच्या सातपटीहून हे जास्त! चार्लीने चेहरा न हलवता सांगितले की, पगाराचे मला भावाला विचारावे लागेल. सारी कचेरी हसली.

पण आतून तो घाबरला होता, ते वेगळ्याच कारणाने. नाटकाची वही हातात दिली तेव्हा त्याला धास्ती पडली, हे आत्ता इथेच वाचायला सांगतील की काय! कारण त्याला धड वाचता येत नव्हते. सुदैवाने कुणी सांगितले नाही. घरी सिडनीने वाचून दाखवले आणि चार्लीने ऐकून पाठ केले. पस्तीस पानांचे काम तीन दिवसांत तोंडपाठ. ज्याला मंद म्हणून शाळेने मागे बसवला असता, त्याची ही पाठांतराची शक्ती! ते नाटक पडले, परंतु एका वर्तमानपत्राने पोऱ्याचे काम करणाऱ्या या मुलाचे कौतुक केले.

यापुढचे भराभर सांगतो, कारण ते पुष्कळांना ठाऊक असते. १९०८ साली तो फ्रेड कार्नोच्या मूकविनोदी खेळांच्या कंपनीत गेला. १९१० आणि १९१२ साली तिच्याबरोबर अमेरिकेचे दौरे केले. १९१३ साली कीस्टोन कंपनीशी आठवड्याला दीडशे डॉलरचा करार झाला, आणि १९१४ च्या फेब्रुवारीत ती टोपी, ती छडी आणि ते बूट लोकांनी पहिल्यांदा पडद्यावर पाहिले. १९१६ साली दुसऱ्या एका कंपनीने त्याला आठवड्याला दहा हजार डॉलर देऊ केले. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचाही नव्हता.

१९२१ साली त्याचा 'द किड' हा चित्रपट आला. त्यात एक काच बसवणारा फाटका माणूस टाकून दिलेले मूल वाढवतो. ती दोघे राहतात ती खोली पोटमाळ्यावरचीच, उतरत्या छताची. आणि अनाथाश्रमाचे लोक त्या पोराला गाडीत घालून नेऊ लागतात, तेव्हा तो छपराछपरांवरून धावत जाऊन त्याला सोडवून आणतो. हॅनवेलच्या गाडीमागे असे कुणी धावले नव्हते.

त्याच वर्षी आईला भावांनी अमेरिकेत आणले आणि समुद्राजवळच्या घरात, सांभाळायला नर्स ठेवून, तिची सोय केली. १९२८ साली ती वारली. आणि १९२१ च्याच सप्टेंबरात चॅप्लिन नऊ वर्षांनी लंडनला गेला. स्टेशनवर माणसांचा असा लोंढा की पोलिसांना आवरेना. तो उतरला होता त्या भारी हॉटेलासमोरही हीच गर्दी. तो मागच्या दाराने गुपचूप बाहेर पडला, टॅक्सी केली आणि केनिंग्टनला गेला. जुन्या गल्ल्या, जुनी दुकाने पाहत एकटाच हिंडला. लहानपणी पाहिलेला एक आंधळा भिकारी अजून त्याच कमानीखाली बसलेला त्याला दिसला.

नंतर एका रात्री तो त्या पडक्या घराचे जिने चढून वर पोटमाळ्यावर गेला. दार वाजवले. आता तिथे एक एकटी म्हातारी राहत होती. तिने दिवा लावून दार उघडले आणि त्याला आत घेतले. वाकून आत जावे लागले, छत तसेच उतरते होते. तो थोडा वेळ त्या खोलीत उभा राहिला, आणि म्हातारीशी दोन शब्द बोलून खाली उतरला.